डाव्या खांद्याचा दस्ता

"बाईमाणसानं बंदुकीला शिवायचं न्हाई. का, ते इचारायचं न्हाई."

खंडेनवमीच्या सकाळी या घरात हे वाक्य ऐकू येतंच. पाटावर लाल कापड अंथरलं जातं. विळे, कोयते, पाना-पक्कड, ट्रॅक्टरची किल्ली सगळं ओळीनं मांडलं जातं. विळे-कोयते वर्षभर बायकांच्याच हातात असतात, त्याबद्दल कुणाची तक्रार नसते. मग कपाटाचं कुलूप निघतं, बंदूक बाहेर येते, आबा घसा खाकरून ते वाक्य बोलतात आणि घरातल्या बायका दोन पावलं मागं सरकतात.

मी त्याच बंदुकीचा दस्ता बोलतोय.

बंदूक म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं नळी येते. आवाज तिचा, धूर तिचा, धाक तिचा. मी मागचा लाकडी भाग. मला मुठीत धरतात, खांद्याला टेकवतात, गाल माझ्यावर ठेवून नेम धरतात. बार उडाला की धक्का आधी मला बसतो, मग माणसाला. माणसाच्या इतकं जवळ त्या बंदुकीतलं दुसरं काहीच जात नाही. म्हणून तर माझं माप ज्याचं त्याला घ्यावं लागतं. आणि माझी सगळी कहाणी त्या मापाचीच आहे.

वाळवा तालुक्यात, कृष्णेच्या काठाला आबांची उसाची जमीन आहे. तिच्या बांधावर मी शिसवाचं झाड होऊन उभा होतो. आबा म्हणजे केरबा, फौजेतून सुभेदार होऊन आलेले. त्यांचा मुलगा दादासो, पोरांचे आण्णा, सून राजेश्वरी आणि दोन नातवंडं, यशराज आणि संयोगिता. पोरांचा झोका माझ्याच फांदीला होता. यशराजनं एकदा तेलाचा रिकामा डबा माझ्या फांदीला टांगला आणि दोघं बेचकीनं त्याला खडे मारू लागली. यशराजचे खडे उसात जायचे. त्याच्याहून पाच वर्षांनी लहान संयोगिता डाव्या हातानं रबर ताणायची, उजवा डोळा मिटायची, आणि डबा ठण्णकन वाजायचा.

"डावरी हाय," दादासो म्हणायचे. कुणी पोर तोतरं आहे असं सांगावं, तशा सुरात.

"उजव्या हातानं मार, संयू!" आबा बांधावरून ओरडायचे. ती उजव्या हातानं मारायची, खडा माझ्या खोडाला लागायचा. आबांची पाठ वळली की पुन्हा डावा हात, पुन्हा ठण्ण. यशराज खाली बसून पोट धरून हसायचा. माझ्या सालीवर त्या खड्यांचे व्रण शेवटपर्यंत होते. मला त्यांचा कधी राग आला नाही.

दोन हजार एकोणीसच्या ऑगस्टात कृष्णा घरंदारं ओलांडून आली. ऊस बुडाला, बांध बुडाला, पाणी दिवसेंदिवस हललं नाही. मुळाखालची माती सुटली आणि एका सकाळी मी आडवा झालो. पूर ओसरल्यावर दादासोंनी माझं खोड ओढून घरामागच्या ट्रॅक्टरच्या शेडमध्ये टाकलं. "वाळू दे. दाराला हुईल," म्हणाले. दार काही झालं नाही. पाच वर्षं मी तिथं वाळत पडलो आणि घरातल्या लोकांची बसायची जागा झालो.

माणसं लाकडावर बसून जे बोलतात ते सोफ्यावर बसून बोलत नाहीत. राजेश्वरीबाई माझ्यावर बसून माहेरी फोन करायच्या. दादासो माझ्यावर बसून बिडी ओढायचे, आणि आबांची चाहूल लागली की ती माझ्याच अंगावर विझवायचे. पन्नाशीचा माणूस, पण बापापुढं असा. आणि संयोगिता कऱ्हाडच्या कॉलेजातून आली की दप्तर फेकून माझ्यावर बसायची.

ती एनसीसीत होती. एका शिबिरात तिनं गोळीबारात पहिला नंबर काढला. तिथल्या उस्तादांनी आधी डाव्या खांद्याला बंदूक लावते म्हणून झापलं होतं, मग निशाणाचा कागद बघून तसंच मारू दिलं. कप घेऊन ती घरी आली. पुढच्या शिबिरासाठी निवड झाली होती, त्या कागदावर घरच्यांची सही हवी होती. सही मिळाली नाही.

त्या आठवड्यात यशराज सुट्टीवर होता. तोही फौजेत लागला होता, सहा वर्षं झाली होती. तो शेडमध्ये आला तेव्हा ती माझ्यावर बसून माझी साल नखानं सोलत होती.

"आबा म्हणाले, ह्या कपात च्या तरी पिता येतोय का? सगळे हसले. आण्णाबी हसले, दादा."

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? का, ते इचारायचं न्हाई."

 यशराज तिच्या शेजारी बसला. सोललेली साल त्यानं तिच्या हातून काढून घेतली आणि वास घेऊन खिशात ठेवली. आता वाटतं, माझा जन्म त्या क्षणी झाला.

पण त्याआधी जुना दस्ता मोडावा लागला. तो अक्रोडाचा होता, बंदुकीबरोबरच घरी आलेला. आबांच्या नावावर शेतीच्या राखणीचा परवाना आहे. उसात रानडुकरं शिरली की हवेत एखादा बार काढायचा, एवढंच त्या बंदुकीचं काम. पुढच्या वर्षी मे महिन्यात, भर दुपारी, आबांच्या मागोमाग बंदूक घेऊन धावताना दादासोंचा पाय ठिबकच्या नळीत अडकला आणि ते बंदुकीसकट आदळले. डुकरं पळाली. दस्ता मुठीपाशी दुभंगला.

"चाळीस वर्सं मी वागवली," आबा म्हणाले. "ह्या गड्यानं चाळीस पावलात मोडली."

दादासोंनी फाटलेल्या जागी विजेची काळी टेप गुंडाळली. सुट्टीवर आलेल्या यशराजनं ती टेप बघितली आणि म्हणाला, "आबा, नवा दस्ता करून घेतो. शेडमधलं शिसव हाय की."

आबा खूश झाले. नातू बंदुकीचं बघतोय, आणखी काय हवं? दस्ता कुणाच्या मापाचा, हे त्यांनी विचारलं नाही. विचारायचं त्यांना सुचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी यशराजचे फौजी बूट माझ्यावर वाळत होते. त्यानं एका बुटाची हिरवी नाडी ओढून काढली आणि संयोगिताला हाक मारली.

"हात दे. डावा."

"कशाला?"

"कँटीनमधनं जर्किन आणतो तुला. तुझ्या मापाचं."

त्यानं नाडीचं टोक तिच्या कोपराच्या घडीत धरलं, हात वाकवला आणि नाडी पहिल्या बोटाच्या पेरापर्यंत आणली. तिथं गाठ मारली. मग तिच्या खांद्याच्या खळग्यापासून गालाच्या हाडापर्यंत दुसरं माप घेतलं. दुसरी गाठ.

"जर्किनला गालाचं माप लागतंय व्हय रं?"

"फौजी माप आसतंय तसलं. तुला काय कळतंय त्यातलं? मान सरळ ठिव."

"येडा हायस," ती म्हणाली आणि हसत घरात गेली. तो ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला. मग खाली बसून मला थोपटलं, बैलाला थोपटावं तसं.

मिरजेला माझा एक ओंडका आणि मोडका दस्ता घेऊन तो बाबालाल मिस्त्रींच्या दुकानात गेला. सतार-तंबोरे करणारी ती गल्ली. भिंतीला भोपळे टांगलेले, लाखेचा आणि भुशाचा वास. बाबालालचाचा सत्तरीचे, चष्म्याच्या दांडीला दोरा बांधलेला. त्यांनी आधी बोटाच्या पेरानं मला टकटक वाजवलं, कान लावला.

"हे गाणारं लाकूड न्हवं, फौजी. हे ऐकणारं लाकूड हाय. कुणाच्या खांद्याला?"

"भनीच्या. डावा खांदा."

चाचांनी चष्म्यावरून पाहिलं. "तंबोरा बायकांचा येगळा आसतो, बाप्यांचा येगळा. आमी सूर इचारून माप धरतो. पर बंदुकीत आजवर असं कुणी सांगितलं न्हाई."

"मी सांगतोय की."

"घरात माहीत हाय?"

"दसऱ्याला कळंल."

चाचा हसले. "आमचे आजे-पणजे तलवारी घासायचे. तलवारी गेल्या, आमी तारांकडं वळलो. आता तू मला माघारी वळवतोस व्हय? बरं, ठिव. पर लोखंड माझ्या दुकानात आणायचं न्हाई. लाकूड हितं करतो. बसवायला तुझ्या घरी येतो."

तीन आठवडे मी त्यांच्या मांडीवर होतो. करवतीनं कापलो, पटाशीनं कोरलो, कानशीनं घासलो. लाकडाच्या रेघा मुठीपाशी सरळ धावल्या पाहिजेत, नाहीतर पहिल्या धक्क्याला दस्ता तिथंच फुटतो. जुना तसाच गेला होता. म्हणून चाचांनी ओंडका चार वेळा फिरवून पाहिला, मगच करवत लावली. आणि मला त्यांनी सरळ ठेवलं नाही. उजव्या खांद्याचा दस्ता मागं किंचित उजवीकडं झुकवतात, म्हणजे नळी आपोआप डोळ्यापुढं येते. मला त्यांनी दोन जवांएवढं डावीकडं झुकवलं. बघणाऱ्याला दिसणार नाही, गालाला मात्र लगेच कळेल, इतकाच. जवसाचं तेल सात वेळा पाजलं. माझ्या अंगावरच्या काळ्या-तांबड्या रेघा वर आल्या तेव्हा चाचा स्वतःशीच म्हणाले, "नशीबवान पोरगी."

शेवटी एक रीत. तंबोरा ज्याच्यासाठी केला, त्याच्या मापाची चिठ्ठी ते भोपळ्याच्या आतून चिकटवायचे. "माप ज्याचं, ते त्याच्याच वाद्याच्या पोटात. उद्या दुरुस्ती निघाली तर मिस्त्रीनं लाकडालाच इचारावं, माणसाला न्हाई." माझ्या मागच्या टोकाला त्यांनी बोटभर पोकळी कोरली होती. त्यात यशराजच्या बुटाची ती हिरवी नाडी वेटोळी करून ठेवली, वरून पितळी पट्टी बसवली आणि दोन स्क्रू घट्ट आवळले.

तेव्हापासून ती नाडी माझ्या पोटात आहे.

बसवायला चाचा घरी आले. व्हरांड्यात सतरंजी टाकली. लोखंड लाकडात बसवायचं तर लोखंडाला काजळी फासतात, दाबून बघतात. जिथं काळा डाग उमटतो तिथं लाकूड अडतंय असं समजायचं आणि तेवढंच तासायचं.

"संयू, तुझी काजळाची डबी दे," यशराज ओरडला.

"कशाला?" ती दारातूनच म्हणाली. बंदूक बाहेर मांडलेली, म्हणून उंबऱ्याबाहेर येणं त्या दिवशी तिला मना होतं.

"बंदुकीला लावायचंय."

आबा खुर्चीवरून म्हणाले, "काजळ? आता नथ बी घाला म्हणावं तिला!" व्हरांड्यात सगळे हसले. चाचाही हसले, पण खाली बघून. तर असं तिच्या डोळ्यांचं काजळ माझ्या अंगाला लागलं. वरचं पुसलं गेलं. लोखंडाखाली सांध्यात अजून आहे.

काम झालं. आबांनी रिकामी बंदूक उचलून उजव्या खांद्याला लावली, गाल टेकवला आणि चेहरा वाकडा केला.

"मिस्त्री, चुकलासा. आखूड झालाय. अन् गालात घुसतोय."

चाचांनी यशराजकडं पाहिलं. कारागिराला सगळं सोसतं, "चुकला" हा शब्द सोसत नाही. त्यांचे ओठ हलले. यशराज घाईनं म्हणाला, "आसू द्या आबा. बसंल. सवय झाली की बसंल."

चाचांना फाटकाशी सोडताना तो त्यांच्या कानाशी लागला. मी व्हरांड्यातच होतो, तरी मला ऐकू आलं. "रागावू नका चाचा. दसऱ्याला सुट्टी टाकलीय. आबांच्याच हातनं तिच्या खांद्याला लावतो. वारसाच्या परवान्याचे कागद बी आणून ठेवलेत. तवर एवढं गुपित ठिवा."

"ठिवलं," चाचा म्हणाले.

दोन दिवसांनी यशराज ड्युटीवर गेला. जाताना कपाट उघडून माझ्यावरून एकदा हात फिरवला. तो हात मला पुन्हा लागला नाही.

ऑगस्टमध्ये फोन आला. डोंगरातल्या वळणावर त्यांची गाडी दरीत गेली होती. ना शत्रू होता, ना लढाई. एक वळण होतं.

मी कपाटात होतो. मला दिसलं काही नाही, ऐकू सगळं आलं. गाव लोटलं, पुढाऱ्यांच्या गाड्या आल्या, घोषणा झाल्या. तिरंग्यात गुंडाळलेली पेटी अंगणात आली तेव्हा राजेश्वरीबाईंचा आवाज ऐकू आला आणि मग एकदम बंद झाला. जवानांनी पेटी स्मशानाच्या वाटेवरच्या ओढ्यापर्यंत आणून घरच्यांच्या खांद्यावर दिली, तेव्हा संयोगिता पुढं झाली. हे तिनंच नंतर कपाटाला टेकून आईला सांगितलं.

"मी फक्त खांदा लावत होते गं. आबांनी हाताला धरून मागं सारलं. म्हणाले, पोरींनी खांदा द्यायचा न्हाई. कुणाकुणाला ते ओळखत नव्हते आई, गाड्यांमधनं उतरलेले, त्यांनी खांदा दिला. मी मागं. बायकांच्यात."

स्मशानात त्या दुपारी हवेत तीन फैरी झडल्या होत्या. प्रत्येक आवाजाला माझ्यापुढची नळी आतल्या आत थरथरली. तिला सलामीचा आवाज कळत होता. मला फक्त पोटातली नाडी जड लागत होती.

दहाव्याला बाबालालचाचा एसटीनं आले. मांडवात बसले, उठले, आबांजवळ गेले. "सुभेदार, जरा बंदूक बगू का? एक सांगायचं व्हतं."

"आज न्हाई, मिस्त्री," आबा म्हणाले. "आज हत्याराचं नाव बी नगं."

चाचा परत गेले. पुढं त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि एकट्यानं एसटीत चढणं बंद झालं. गुपित ठेवतो असा शब्द त्यांनी ज्याला दिला होता, तोच शब्दातून मोकळं करायला राहिला नव्हता.

त्या वर्षी घरात सण झाला नाही. निवडणूक आली तेव्हा सगळ्या परवान्याच्या बंदुकांबरोबर मलाही पोलीस ठाण्यात जमा केलं. मुठीला सुतळीनं पुठ्ठ्याचं लेबल बांधलं. मला ताब्यात घेणारी शिपाई बाई होती. तिनं बंदूक सांध्यात वाकवून नळीत पाहिलं, खट्कन मिटली, रॅकला लावली आणि चहा प्यायला गेली. आकाश कोसळलं नाही. निवडणूक सरल्यावर दादासो मला न्यायला आले, तेव्हा पोटात दुखतंय म्हणून दवाखान्यात दाखवायला आणलेली संयोगिताही गाडीतून उतरून आत आली होती. तीच शिपाई बाई एका हातात मला धरून, दुसऱ्या हातानं सहीची जागा दाखवत होती. संयोगिता तिच्या हाताकडं इतका वेळ बघत राहिली की दादासोंनी तिला बाहेर जायला सांगितलं.

पुढचं वर्ष मी कपाटातच होतो. तुम्हाला वाटेल, लाकडाला कसलं दुःख! पण ज्याच्यासाठी केलं ते माणूस भिंतीपलीकडं जेवतंय, झोपतंय, भांडतंय, एकट्यानं रडतंय, आणि त्याचं माप आपल्या पोटात आहे, हे सांगायला तोंड नाही. याहून वाईट काय असेल मला माहीत नाही. ती डाव्या हातानं भाकरी थापायची तेव्हा आवाजावरून मला कळायचं. अजूनही आबा म्हणायचे, "उजव्या हातानं, संयू." थापण्याचा आवाज बदलत नसे.

वर्षश्राद्ध झालं. दसरा पुन्हा आला. आबांचं वय झालं होतं, हात कापत होते. परवाना कुणाच्या तरी नावावर करायला हवा होता. त्यांनी साताऱ्याहून चुलत नातू वीरधवल याला बोलावलं. पोरगा वाईट नव्हता. सहा फूट उंच, मोटारींच्या शोरूममध्ये नोकरीला. खंडेनवमीच्या सकाळी मला पाटावर ठेवलं, फुलं वाहिली. आबांनी घसा खाकरून ते वाक्य म्हटलं. राजेश्वरीबाई आणि संयोगिता दोन पावलं मागं सरकल्या.

"उचल," आबा वीरधवलला म्हणाले.

त्यानं मला उजव्या खांद्याला लावलं. माझा वाक त्याच्या गालफडात रुतला. "आबा, ह्यो काय बसंना. आखूडबी हाय अन् वाकडाबी."

"मिस्त्री चुकला तो. यशा म्हणत व्हता, सवय झाली की बसंल."  आबांनी अंगणाकडं बोट केलं. "तान्याला बोलवलाय. गालाकडनं रंधा मारील अन् मागं रबर जोडील. हुईल तुझ्या मापाचा."

तानाजी सुतार पिशवी घेऊन अंगणातच बसला होता. तो आला आणि मला उलटं करून गुडघ्यात धरलं. पाटावरची झेंडूची पाकळी माझ्या अंगावरून खाली पडली. रंध्याचं पातं मला दिसत होतं. मी एक झाड होतो, पूर सोसला, करवत सोसली. पण ते दोन जव तासले गेले असते, तर यशराजनं या जगात मागं ठेवलेलं शेवटचं बोलणं भुशात गेलं असतं. मला ओरडता येत असतं तर त्या सकाळी मी नळीपेक्षा मोठ्यानं ओरडलो असतो.

तानाजी म्हणाला, "आधी ही पितळी पट्टी काढतो. न्हाईतर रबर कशाला चिकटंल?"

त्यानं स्क्रू सोडवले. पट्टी निघाली. माझ्या पोटातून हिरवी नाडी घरंगळून त्याच्या मांडीवर पडली.

"हे काय? बुटाची नाडी कुणी कोंबली ह्यात?" तो ती फेकणारच होता.

"थांबा," संयोगिता म्हणाली.

मागं सरलेली ती दोन पावलं संयोगिता पुढं आली. मग आणखी चार. कुणी अडवायच्या आत तिनं नाडी उचलली. दोन गाठी होत्या. ती त्या गाठींकडं बघत राहिली, मग हळूच एक टोक डाव्या कोपराच्या घडीत धरलं आणि नाडी हातावरून पुढं नेली. गाठ पहिल्या बोटाच्या पेरावर आली. बरोब्बर. दुसरी गाठ तिनं खांद्यापासून वर नेली. गालाच्या हाडाशी थांबली.

"जर्किनला गालाचं माप लागतंय व्हय रं," ती पुटपुटली. कुणाला, ते तिथं फक्त मला माहीत होतं.

"काय म्हणती ती?" आबांनी विचारलं.

तिनं तानाजीच्या गुडघ्यातून मला काढून घेतलं. नळी सांध्यात वाकवून रिकामी आहे ना बघितलं, मिटली, आणि मला डाव्या खांद्याला लावलं. गाल टेकवला. उजवा डोळा मिटला.

मी बसलो. कुठं टोचलं नाही, कुठं पोकळी राहिली नाही. त्या पोरीच्या खांद्याचा खळगा आणि माझं टोक, तिचा गाल आणि माझा वाक, दोन जव इकडं नाही, दोन जव तिकडं नाही. चाचा चुकले नव्हते. यशराज चुकला नव्हता. तिचा गाल ओला होता आणि जवसाच्या तेलावरून ते पाणी ओघळून मुठीपर्यंत आलं. सव्वा वर्षानं मला कुणीतरी खरंखुरं धरलं होतं, आणि ज्यानं मला तिच्यासाठी करवून घेतलं, तो हे बघायला नव्हता.

तुम्हाला एकच सांगतो, पुन्हा बोलायची वेळ माझ्यावर येईल न येईल. तुमच्या घरातली एखादी वस्तू, एखादं माणूस कुणाच्याच खांद्याला बसत नसेल, तर रंधा मागवण्याआधी विचारा, हे माप घेतलं होतं कुणाचं? विचारायचं नाही असं कुणी सांगितलं असेल, तर आधी तेच विचारा.

"संयू, खाली ठिव," आबा म्हणाले. "ते यशाचं हाय."

"यशदादाचं न्हाई. माझं हाय." तिनं मला खांद्यावरून उतरवलं नाही. "त्यानं शेडमधी बसून माझं माप घेतलंय. ह्या नाडीनं. त्याच्या बुटाच्या."

"घरातला बाप्या सरला की मग बाई हत्यार धरती," आबा खुर्चीच्या हाताला धरून उठले. त्यांचा आवाज चिडका नव्हता, घाबरलेला होता. "तू उचललंस तर लोक म्हणतील, केरबाच्या घरात कोण उरला न्हाई. खाली ठिव म्हणतो."

"कोण उरलं न्हाईच की, आबा." ती हे ओरडली नाही. "दादा गेला. तुमी हे वाक्य किती बी वेळा म्हणा, तो गेला. त्याला खांदा द्यायला आले तर मला मागं सारलंत, मी सरले. आयुष्यभर सरतच आले. पण हा खांदा त्यानं मापून घेतलाय. आता न्हाई सरणार."

"आवं, तुमी तरी सांगा की तिला," आबा सुनेकडं वळले.

राजेश्वरीबाई पुढं आल्या. मला वाटलं, त्या मला तिच्या हातून काढून घेतील. त्यांनी तानाजीच्या मांडीवरची पितळी पट्टी उचलली, दोन्ही स्क्रू पदराला पुसले आणि मुठीत धरून लेकीशेजारी उभ्या राहिल्या.

वीरधवल खाली बघत होता. तानाजीनं रंधा पिशवीत घातला. दादासोंनी खिशातून बिडी काढली, बापासमोर, आणि न पेटवताच बोटांत धरून राहिले.

"दस्ता तासायचा न्हाई," संयोगिता म्हणाली. "अन् परवान्याच्या कागदावर माझं नाव लिहा. दादानं कागद आणून ठेवलेत, कपाटातच हायत; कपाट उघडलं तवा बघितलेत मी, कुणासाठी ते आज कळलं.  सही मी करते. डाव्या हातानं."

ती तशीच उभी राहिली, मला खांद्याशी धरून. सगळे आबांकडं बघू लागले.

आबांनी घसा खाकरला. वाक्य आलं नाही.